बोडीतले मासे आज वर आले नाहीत

कामिनी,

गुड्डीला अंगणवाडीत सोडून आलीस की लगेच माहेरच्या बसला जाऊ नकोस. एकोडी कुठे पळून जात नाही. आधी आपल्या बोडीवर ये. मी पुन्हा तिकडेच निघाले आहे, नाहीतर गावच्या म्हशी पाण्यात उतरतील.

अगं, आज एकही मासा वर येऊन आ करत नव्हता! रोज पहाटे करायचे. आम्ही आजवर समजत आलो की भूक लागली, आणि आणखी शेण टाकत राहिलो. तू म्हणालीस, त्यांचा दम कोंडतो. हट्टानं शेण बंद केलंस, चुना टाकलास. त्यावरून तुझे सासरे काल तुला जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही.

आज पाणी शांत बघून ते पाळीवर मटकन बसले. "मेले सारे! सूनबाईनं मारून टाकले!"

मी मूठभर कोंडा फेकला. असा कतला उसळला बाई, त्यांचं धोतर भिजलं! मागून रोहू आले, चकचकीत, अंगावर एक जखम नाही.

मी म्हटलं, "आता काहून गप बसले? बोला ना!"

उठून धोतराचा ओला सोगा पिळला. मग हळूच म्हणाले, "तिले विचारून ये, चुना आता कवा टाकाचा."

मी विचारणार नाही. त्यांनाच विचारू दे. चहा तिकडेच घेऊन ये, तिघांचा.

तुझी सासू,
पंचफुला