नडगीवरचा खळगा

१५ नोव्हेंबर २००५, मंगळवार संध्याकाळ

आज लायब्ररीत अठराव्या शतकातलं एक इंग्रजी पत्र स्कॅन केलं. बायकोचे पाय सुजलेत म्हणून एका शेतकऱ्याने दूरगावच्या डॉक्टरला लिहिलेलं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही, असं त्यात आहे. डॉक्टरने तिला कधी पाहिलेलं नाही. पत्र वाचायचं आणि औषध कळवायचं. ह्याला काय उपचार म्हणायचं?

दिवसभर तो खळगा डोक्यातून जाईना. घरी येऊन नागपूरला फोन लावला. बाबांचं नेहमीचंच, "ठीक आहे गं, पाय थोडे सुजलेत."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, नडगी अंगठ्याने दाबा आणि सोडा. खळगा पडतो का?"

जरा वेळाने म्हणाले, "छे, काही नाही."

मागून आईचा आवाज आला, "खोटं कशाला सांगता तिला? अजून भरला नाहीये तो."

आजच्या आज दाखवून या, म्हटलं. इथून आणखी काय म्हणणार? त्या शेतकऱ्याने निदान खरं तरी लिहिलं होतं.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी माझीच नडगी दाबून धरली होती.