फांदीवरचं हरीण

चितेगाव, २ डिसेंबर २०२५

चि. बद्रीनाथास आवडाआक्काचे अनेक आशीर्वाद.

इथं गुडघा सोडून सगळं खुशाल. फोनच करणार होते, पण फोनवर तूच बोलतोस. कागदावर तुला गप बसून ऐकावं लागतं.

तनुजाचं काम झालं बघ पुरं. कन्नडच्या घाटाकडं, रानात, तीन झाडांवर पाहुण्यांना भाड्यानं उतरायला तीन घरं. लई देखणी. शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी तिनं सोडली तेव्हा भरल्या पंगतीत तू म्हणालास, की शेवटी झाडावरच चढायचं होतं तर इंजिनिअर कशाला झालीस. त्याला दीड वर्ष झालं. तवापासून माझी लेक अन् माझा भाऊ एकमेकांशी बोलत नाय, अन् मी मधल्या मधी टपाल.

तेरा तारखेला पहिले पाहुणे येणार. मामाला बोलव असं ती म्हणली नाय. पण तिसरं घर तिनं कुणालाच दिलं नाय. इचारलं तर म्हणती, राहू दे रिकामं. आता तू शहाणा हाईस.

नाव बी तिनं तुझ्या संस्कृतातलं काढलंय, ‘शाखामृग’. पाटीवर फांदीवर बसलेलं हरीण रंगवलंय, गोड दिसतंय. येतोस का ते कळव.

तुझी,
आवडाआक्का

छत्रपती संभाजीनगर, ५ डिसेंबर

ती. आक्कास बद्रीनाथाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना चहा धोतरावर सांडला. आक्का, शाखामृग म्हणजे हरीण नव्हे. शाखामृग म्हणजे माकड.

शाखा म्हणजे फांदी, मृग म्हणजे हरीण, असं तिनं जोडलेलं दिसतं. समास फोडायला तिला आठवीच्या सुट्टीत मीच शिकवलं. फोडल्यावर शब्दकोशही उघडायचा असतो, हे सांगायचं राहून गेलं. तेव्हा चूक शिष्येची आणि गुरू अस्मादिक.

आता माझी पंचाईत बघ. सांगावं, तर मामानं दीड वर्षानं तोंड उघडलं तेही चूक काढायला, असं होईल. न सांगावं, तर जाणता पाहुणा तिला पहिल्याच दिवशी चारचौघांत हसेल. तूर्त तूही तिला बोलू नकोस. समोर गेल्यावर काही सुचेल.

येतो. तुझ्या भावजयीनं, दीपमालानं, पत्र पुरतं वाचायच्या आत बॅग भरली. कानटोप्या दोन घेतल्यात, दोन्ही माझ्यासाठी.

तुझा आज्ञाधारक (असं तू समजतेस तो),
बद्रीनाथ

मुक्काम मोहाचं झाड, जमिनीपासून वीस फूट, १४ डिसेंबर

ती. आक्कास उंचावरून शि. सा. न. वि. वि.

इथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून हे पत्र दूधवाल्याच्या हाती देतोय. जिना सागवानी. पलंग एवढा ऐसपैस, की सकाळी दीपमालाला शोधावं लागलं. तांब्याचं घंगाळ म्हणावं तर त्यात आख्खा माणूस मावतो. झाडावर बसून ऊन पाण्यानं न्हालेला आपल्या कुळात मीच पहिला. ऋषिमुनी उगाच झाडाखाली बसले.

काल तनुजानं ‘या’ म्हणून किल्ली दिली आणि गेली. मीही ‘हं’ म्हणालो. एवढंच संभाषण.

आज न्याहारीला सगळे खालच्या मांडवात जमलो. पुण्याच्या एक बाई आल्यात, कॉलेजात संस्कृत शिकवायच्या. त्यांनी नावाचा अर्थ विचारला. तनुजानं मोठ्या हौसेनं सांगितला. बाई हसल्या. अहो, याचा अर्थ माकड, म्हणाल्या. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

आक्का, मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, नाव मी ठेवलंय. तीस वर्षं संस्कृत शिकवतो. मृग म्हणजे मुळात कुठलंही जनावर, हरीण ते मागाहून. हिला आणि रंगाऱ्याला तेवढं सांगायचं राहिलं. बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, म्हणजे भाचीच्या घराला तुम्ही जाणूनबुजून माकड म्हणालात? म्हटलं, होय. आमच्या घरात जमिनीवर बसून कटकट करणारे पुष्कळ, झाडावर चढून दाखवणारी ही एकटीच.

एवढ्यात नावाचे खरे धनी आले. काळतोंड्या वानरानं माझ्या ताटलीतलं थालीपीठ उचललं आणि समोरच्या फांदीवर बसून सावकाश खाल्लं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग तनुजा नवं थालीपीठ घेऊन आली. मामा, लोणी घालू का, म्हणाली. मला लोणी वर्ज्य आहे हे तिला पक्कं माहीत आहे. घाल म्हटलं. दोनदा घातलं. डॉक्टरांना कळवू नकोस.

लोण्याइतकाच लोभ ठेव,
बद्रीनाथ

चितेगाव, २२ डिसेंबर

चि. बद्रीस अनेक आशीर्वाद.

तनुजा काल येऊन गेली. दिवसभर मामा असं म्हणला, मामा तसं म्हणला. माझे कान किटले.

नाव तिनं बदललं नाय. हरीण पुसून वानर काढलंय, अन् खाली बारीक अक्षरात लिहिलंय: ‘नामकरण, बद्रीनाथमामा’. पुण्याच्या बाईनं फोटो काढून समद्या संस्कृतवाल्यांना धाडला म्हणं. मी म्हणलं, अगं, चूक तुझी, अन् हसं त्याचं व्हायचं. पूस ते नाव. तर म्हणती कशी, आई, मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, ते माझ्यासाठी. ते मी पुसू देणार नाय.

लोभ वाढव, उपदेश कमी कर.

तुझी,
आवडाआक्का