डोळ्यांना लावायची बाग

भडगाव,
२० जुलै १९९६

प्रिय रूपा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आईचं नेहमीचं पत्र आलं, अक्काने नुसता हात चालवला. तसं नाही. इतकी वर्षं आई सांगायची आणि मी लिहायचे, आज मी माझ्या मनाने लिहितेय आणि आईला त्याचा पत्ता नाही. ती पडवीत खाटेवर पडली आहे, तुझं यंत्र डोळ्यांना लावून. मी मधल्या खोलीत बसले आहे आणि तिच्या बोटाखालच्या बटणाचा टकटक आवाज मला इथवर ऐकू येतोय.

आधी खुशाली सांगते. आई बरी आहे, म्हणजे अर्धांगाच्या झटक्यानंतर माणूस जितकं बरं असतं तितकी. तोंड अजून डावीकडे ओढलेलं आहे, पण बोललेलं कळतं. हिलालभाऊची कमरेची तक्रार चालूच आहे आणि वहिनीची हिलालभाऊबद्दलची तक्रारही. गिरणेला पाणी आलंय. तुझे दाजी गेल्यावर मी माहेरी राहायला आले तेव्हा वाटलं होतं, शाळा, आई आणि हे घर यांत दिवस कसेतरी निघतील. ते बरे निघताहेत. विद्यार्थ्यांना तुझ्याबद्दल, माझा धाकटा भाऊ जपानात व्हिडिओचे खेळ बनवतो असं सांगितल्यापासून वर्गात मला जरा जास्तच मान आहे.

तुझं यंत्र आलं त्या दिवसाचं मी तुला नीट लिहिलंच नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्यातून हिलालभाऊने ते बाहेर काढलं आणि म्हणाला, एवढ्याशा डब्यात काय येणार! दोन हातांत मावेल एवढं, दोन डोळ्यांची दोन भोकं, खाली बटणं. तू लिहिलं होतंस की याला आभासी वास्तव म्हणतात, आत पाहिलं की माणूस आतच जातो, आणि आईसाठी तू रजेचे दिवस घालून एक वेगळी कॅसेट बनवली आहेस, आपल्या केळीच्या बागेची. मी तुझी मोठी बहीण, तेव्हा खरं सांगते, मला तेव्हा रागच आला. रजेचे दिवस होते तर ते इकडे यायला का नाही वापरले, असं मनात आलं. पण तुझं ते जुनं वाक्य माझ्याजवळ आहे ना, आईला तशी पडलेली मला बघवणार नाही. तू लहानपणीही असाच. वासराला इंजेक्शन द्यायचं म्हटलं की धुळ्याच्या मावशीकडे पळायचास.

यंत्र जड, आईच्या हातांना पेलेना. मग हिलालभाऊने बंगईचा झोपाळा काढून तिच्या कडीला दोरी बांधली आणि ते आईच्या डोळ्यांवर येईल असं टांगलं. आईने आत पाहिलं. आधी घाबरली, मान मागे घेतली. पुन्हा पाहिलं. आणि मग रूपा, तिने डाव्या हाताने पदर सावरला, गोळा करून मांडीखाली घेतला. वहिनीने विचारलं, काय झालं, थंडी वाजते का. आई म्हणाली, "लुगड्याले चिकना डाग पडी जाई." बघायला जमलेल्या बाया हसल्या. जन्मभर केळीच्या चिकाचे डाग धुतलेली बाई, तिने तुझ्या त्या बागेतही लुगडं जपलं. मला हसू आलं नाही. माझ्या मनातला राग तिथेच निम्मा उतरला.

यंत्राचे गुण मी नाकबूल करणार नाही. जळगावच्या डॉक्टरांनी तिला उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिने पहिल्याच आठवड्यात नातवंडांना देऊन टाकला. म्हणायची, रिकाम्या मुठीचा काय व्यायाम करायचा. पण बागेत पुढे चालायचं बटण उजव्या अंगठ्याखाली येतं. तिला शेवटच्या ओळीपर्यंत जायचं होतं. अंगठा हलेना, ती चिडायची, मला तिचा अंगठा धरून बटणावर ठेवायला सांगायची. पावसाळ्याच्या तोंडाशी तो अंगठा आपोआप दाबू लागला. मग बोटं वळू लागली. आता तिची उजवी मूठ मिटते, सैल, पण मिटते. डॉक्टर चकित झाले, मी तुझं नाव अभिमानाने सांगितलं. जे कोणाला जमलं नाही ते तू तिकडे बसून केलंस, आणि त्याबद्दल मी तुझी कायम ऋणी आहे.

पण त्याचं जे अपुरेपण आहे तेही मीच पाहिलं आहे, कारण ती झोपली की मीही आत डोकावते. तुझी बाग लाल आहे. काळं आभाळ, लाल खांब, लाल पानं, लाल घड. तू लिहिलंस की सध्या एकच रंग शक्य आहे, बाकीचे महाग पडतात. आईने पहिले काही दिवस विचारलं की नेहमी दिवे लागायच्या वेळीच का दिसतं, मग तीच म्हणाली, बरं आहे, ऊन लागत नाही. पानं सगळी अखंड. आपल्याकडे वारा एक पान धड ठेवत नाही, तुला आठवत असेल. बागेत वाराच येत नाही हे तिच्याही ध्यानात आलं. फार वेळ पाहिलं की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि कपाळ दुखतं. आणि विहिरीपर्यंत गेलं की पुढे काही नाही. अजून एक पाऊल टाकलं की माणूस पुन्हा पहिल्या ओळीत. मी त्या जागी दर वेळी यंत्र बाजूला करते, आई मात्र पुन्हा चालायला लागते.

ती का चालते ते तुला कोणी सांगितलेलं नाही. यंत्र येऊन आठवडा झाला असेल. तिने डोळे बाजूला घेतले आणि आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "बठ्ठी बाग शे, मंग मन्हा रूपा कोठे शे?" सगळी बाग आहे तर तू कुठे, यावर मी काही म्हणायच्या आत हिलालभाऊ बोलून गेला की तो विहिरीपल्याड पाणी भरतोय. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आईचं तोंड उतरलेलं त्याला बघवत नाही, तुम्ही दोघे भाऊ त्या बाबतीत एकाच मातीचे. आणि खरं म्हणजे तू खरंच नेहमी विहिरीपल्याड पाणी भरत असायचास, आणि हाक मारली तरी यायचा नाहीस. आईला ते पटलं. त्या दिवसापासून ती रोज तुला शोधायला जाते. विहिरीजवळ पोचते, पहिल्या ओळीत येऊन पडते, परत निघते. मी एकदा तिला सांगून पाहिलं की हे चित्र आहे, तू जपानात आहेस. ती म्हणाली की जपान तिला माहीत आहे, ती काही वेडी नाही. पण ज्याने बाग केली तो बागेत असणारच. यावर तुझ्याजवळ उत्तर असेल तर मला कळव.

तेव्हापासूनच तिच्या पत्रांतलं शेवटचं वाक्य गेलं. सात वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी ती न चुकता लिहायला लावायची, कधी येशील. आबा गेले तेव्हा तू आलास, दहाव्याला टेकलास आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निघालास, त्यानंतरची ही सात वर्षं. आता मी विचारते, शेवटी काय लिहू, तर म्हणते, काही नको, भेटतोच आहे तो. मागच्या पत्रात तू लिहिलंस, आई आता समाधानी वाटते, मलाही हायसं वाटलं. ते वाचून मी उठून गोठ्यात गेले आणि पोटभर रडले. तिचं बोलावणं बंद झालं, याचं तुला हायसं वाटावं?

पुढे तू आनंदाने लिहिलंस की आता दुसरी कॅसेट पाठवतोस, तिच्यात तू स्वतः असशील. हिलालभाऊने ते लगेच आईला वाचून दाखवलं. ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. परवा ती कॅसेट आली. पोस्टमन शाळेतच देऊन गेला, म्हणून घरात कोणाला ठाऊक नाही. आई शेक घेत असताना मी यंत्रात ती घालून पाहिली. मी बाग ओलांडली आणि विहिरीच्या काठावर तू उभा होतास. केस डोकंभर, धुळ्याला पॉलिटेक्निकला होतास तेव्हासारखे. तू हात वर केलास आणि बारीक आवाजात आई म्हणालास. हसू नकोस, मीही ओ दिली. मग पुढे आले तर तुझ्या रेघा सुट्या होत गेल्या, मी तुझ्यातून आरपार निघाले आणि पुन्हा पहिल्या ओळीत उभी. यंत्र काढलं तेव्हा माझा हात समोर हवेत होता. इतक्या वर्षांनी भावाला पाहिलं आणि त्याच्या खांद्यालाही हात लावता आला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. यंदा अधिक महिना आल्यामुळे श्रावण लांबला आहे, कानबाई ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी बसते. आपल्या घरची रीत तू विसरला नसशील. देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने आई मूठ मूठ गहू काढते, आणि ज्याची मूठ काढली त्याने रोट खायलाच हवा. त्याचा वाटा दुसऱ्याने खायचा नाही, बाहेर द्यायचा नाही, गुरांनाही घालायचा नाही. म्हणून जो येणार नाही त्याची मूठ ती काढत नाही. इतकी वर्षं हिलालभाऊची, मग त्याच्या मुलांची काढली की तिचा हात गव्हात तसाच थांबायचा आणि रिकामा बाहेर यायचा. मागच्या वर्षी तर हातच चालत नव्हता, वहिनीने काढल्या. यंदा ती उजव्या हाताने स्वतः काढणार आहे आणि काल मला म्हणाली, "यंदा रूपानी बी मूठ लेसू." कॅसेट येऊ दे, कानबाईच्या सकाळी आधी तुला बघते, मग तुझी मूठ काढते, असं तिचं ठरलं आहे. मी अजून कॅसेट आली नाही असंच सांगितलंय. मी तुला रागावून लिहीत नाही रे, तिचा चेहरा वाकडा आहे एवढंच, एका दिवसात सवय होते. तू ये. येणं होणारच नसेल तर मी त्या सकाळी ते तुझं चित्र तिच्या डोळ्यांना लावीन, मला तिला नाही म्हणवणार नाही. ती बरं झालेल्या हाताने तुझे गहू काढील, ते दळले जातील, रोट भाजला जाईल. मग सगळे ताटावर बसलो की ती यंत्र बाजूला करील, तुझ्या वाट्याचा तुकडा हातात धरील आणि मला म्हणेल, रूपाला दे. तेव्हा तो मी कोणाच्या हातात देऊ, तेवढं मला लिहून कळव.

तुझी वाट बघणारी, तुझीच
भिकूअक्का