आगाऊ ठेवलेले दगड

रविवार, ता. ११ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुला आणि खापरला तुझ्या माहेरी सगळ्यांना रुचिकाचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं, म्हणून लिहिते. केळीला थंडी बाधली आहे. आबांचा गुडघा दुखतो. आईने संक्रांतीचे तीळ निवडायला घेतले आहेत.

तुझा मोबाइल अजून दादाकडेच आहे. दुरुस्तीला टाकला असं तो सांगतो, पण त्याच्या कपाटात वाजताना मी ऐकला आहे. म्हणून हे पत्र. अतिका माझी कॉलेजातली मैत्रीण. तुमच्या बाजारात तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. ती ते तुझ्याच हातात देईल. तिच्यासमोरच वाच आणि तिच्याकडेच ठेव.

आधी चांगली बातमी. नागपूरच्या अधिवेशनात विहिरींच्या सुरक्षिततेचं एक विधेयक मांडलं गेलं. ते लगेच मंजूर न करता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं, आणि समितीने पेपरात जाहिरात दिली की कोणाही नागरिकाने महिनाअखेरपर्यंत आपल्या सूचना पाठवाव्यात. कोणाही नागरिकाने, वहिनी. शहाद्याच्या वाचनालयात ती जाहिरात मी पुन्हा पुन्हा वाचली. पदवीला हे सगळं शिकले होते. विधेयक, समिती, अहवाल, मतदान, राज्यपालांची सही. पेपरात लिहून मार्कही मिळवले. पण त्या रांगेत कुठेतरी मलाही उभं राहता येतं, हे तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

विधेयकात लिहिलं आहे की प्रत्येक विहिरीला कठडा असावा. किती उंच, ते मात्र कुठेच नाही. मी आबांचा मोजायचा टेप घेतला आणि स्कूटीवर आपलं शिवार फिरले. कठडा कुठे गुडघ्याएवढा, कुठे नुसता दगडांचा ढीग, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. सगळं लिहून मुंबईला पाठवलं, आणि विधानभवनातून चक्क फोन आला. समितीपुढे येऊन तोंडी सांगाल का, असं विचारत होते. आबांनी गल्लीत पेढे वाटले. दादासुद्धा हसला. म्हणाला, "आमदारीन बाई, आते आमले बी तुन्ही सही लागी का?" तुला हे सगळं सांगायला मी किती आतुर होते. तू असतीस तर टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात असतं.

पण फिरताना दिसलेलं सगळं मी त्या पहिल्या सूचनेत लिहिलं नव्हतं.

आपल्या शिवारात बाई विहिरीत गेली की दहाव्या दिवसानंतर काठावर सात दगड मांडतात, शेंदूर लावतात, त्याला ठाणं म्हणतात. आसरांनी नेली म्हणतात. पाण्यातल्या त्या सात बायांना तूही हात जोडलेले आहेत, मीही. मग त्या घरात गेलेल्या बाईचं नाव कोणी घेत नाही. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, जसं पाटाचं पाणी कुठल्या बाजूला वळतं ते माहीत असतं. मी फक्त एका मागोमाग एक अशा सगळ्या विहिरी कधी पाहिल्या नव्हत्या. भर दुपारी, उन्हात, केळीच्या पानांचा आवाजही बंद असताना. दगड जितके जुने, तितका शेंदूर काळा. आणि प्रत्येक ठाण्यापुढे त्या बाईची फणी. लाकडी, प्लॅस्टिकची लाल. एका ठिकाणी फणीशेजारी केसांना लावायचा फुलपाखराचा क्लिप होता, माझ्याकडे आहे तसाच. मी विचारायचे, कोणाचं ठाणं? आसरांचं, म्हणायचे. पण गेली कोण? तर माणूस विहिरीकडे पाठ करून बोलायला लागायचा.

एका विहिरीत मी वाकून टेप सोडत होते. दगूबाई शेजारी कापूस वेचत होती. तिने येऊन मागून माझी ओढणी धरली. "वाकू नको पोरी, त्या नाव लई बलावतस." आसरा नाव घेऊन बोलावतात, म्हणे. मी हसले. मग टेप वर ओढताना तो जड लागला. ओला होता म्हणून असेल. मी तसंच धरून चालते.

त्यानंतर मी दुसरी सूचना लिहिली. बाई विहिरीत पडली तर ठाणं मांडायच्या आधी, घरच्यांना बाजूला ठेवून, शेजारपाजारच्यांचे जबाब घ्यावेत. आणि ती वाचली असेल तर तिचा जबाब आधी घ्यावा, माहेरच्या माणसांसमोर. गुरुवारी जेवताना मी ती सगळ्यांना वाचून दाखवली. मला वाटलं होतं पुन्हा पेढे येतील.

दादाचा घास हातात राहिला. त्याने एवढंच विचारलं, "वाचनी तिना बी?" मी हो म्हटलं, वाचलेल्या बाईचाही. त्याने ताटातच हात धुतला आणि उठला. शुक्रवारी सकाळी तो आबांना म्हणाला की मंगळवारी खापरला जाऊन तुला आणतो, संक्रांतीला सून घरात हवी. दिवाळीत तू विहिरीतून वाचून माहेरी गेलीस, तेव्हापासून तुझं नाव न काढणारा दादा.

वहिनी, आता लिहायचं ते मी दोन पानं टाळलं.

काल दुपारी आपल्या विहिरीवर गेले. काठावर सात दगड आहेत. शेंदूर ओला होता. पुढे फणी होती, तुझी हस्तिदंती रंगाची, कोपऱ्यातला दात तुटलेली, आणि तिच्यात तुझे केस होते. तू तिकडे खापरला जिवंत आहेस. मी तिथे उभी राहून मोठ्याने तुझं नाव घेतलं, तू जिवंत आहेस हे कोणाला तरी ऐकू जावं म्हणून. विहिरीतून तेच नाव परत आलं, जरा उशिरा आणि जरा हळू. मग मी पळाले.

आई तीळ निवडत बसली होती. मी विचारलं, दगड कोणी मांडले? तिने सुपातून मानही वर केली नाही. "मी. मागली खेपले सोडी दिन्ही त्यास्नी. आते मांगी ऱ्हायन्यात, रोज सपनमा येतस." आसरांनी मागच्या वेळी सोडलं, आता त्या तुला मागताहेत, म्हणे. मी म्हटलं, आई, वहिनी जिवंत आहे. ती म्हणाली, "आगाऊ ठेयेल बरं ऱ्हास."

आवाज अगदी मऊ होता, पापड वाळत घालायला सांगावं तसा. शेजारी तुझ्यासाठी शिवून आणलेलं हिरवं खणाचं पोलकं घडी करून ठेवलं होतं. आई तुझ्यासाठी घाबरली आहे, की तिला काही माहीत आहे, मला कळत नाही. तीच माझी आई आहे, आणि मला कळत नाही.

अजून एक. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत मला वीरसिंग भेटला, तुला विहिरीतून बाहेर काढणारा आपला सालदार. आता दुसऱ्या मालकाचे घोडे सांभाळतो. त्या दिवसानंतर लगेच काम का सोडलं म्हणून मी विचारलं. तो घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, दोर वर होता. गुंडाळून ठेवलेला. कोरडा." आपला दोर बारा महिने विहिरीत सोडलेला असतो, तुला माहीत आहे. मी तेव्हा विषय बदलला. त्याला भजी घेऊन दिली. घरी आल्यावर ते आठवायचंही नाही असं ठरवलं.

११२ ला फोन करायला मी मोबाइल हातात घेतला होता. पण काय सांगणार? सात दगड पाहिले, एक फणी पाहिली? त्या विहिरीत काय झालं ते तुलाच माहीत आहे. मी तुला कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही.

फक्त दोन गोष्टी कर.

मंगळवारी दादा येईल. त्याच्याबरोबर निघू नकोस. ताप आहे म्हण, भावाला पुढे कर, दार लावून घे, पण निघू नकोस. तो रडेल, आईचा निरोप सांगेल, हिरवं पोलकं दाखवेल.

दुसरं, जमेल तेव्हाच. समितीला तूही लिहू शकतेस. साधा कागद चालतो. कायद्याची भाषा लागत नाही, आपल्या बोलीत लिहिलंस तरी चालेल. नाव गुप्त ठेवा असंही वर लिहिता येतं. आणि पोलिसांकडे जायचं ठरवलंस तर अतिकाचे वडील सोबत येतील, मी बोलले आहे.

माझा कायद्यावर विश्वास आहे, आजही. तो होईल. समिती बसेल, अहवाल देईल, दोन्ही सभागृहं मत देतील. त्याला वर्ष लागेल, दोन लागतील. मंगळवार परवा आहे.

मी इथेच आहे. समितीपुढे जायची तारीख येईपर्यंत माझी फणी मी उशाखाली ठेवते.

खाली 'तुझी नणंद' लिहायचा रिवाज आहे. या घराच्या नात्याने सही करायला हात धजत नाही.

तुझी,
रुचिका