पेन्सिलीची फुली

प्रिय मास्तरीणबाई,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. कायम वास्तव्याचं कार्ड हातात आल्यापासून इथे जो तो माझं अभिनंदन करतो आणि मी ते कार्ड पाकिटात घालून त्याच चौथ्या मजल्यावरच्या खोलीत परत येतो. फ्रिजमधला मधला कप्पा माझा, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी आहे. बाकी या घरात माझं म्हणावं असं काही नाही. परवा एका इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली म्हणून आम्हाला दुरुस्तीला बोलावलं, आत एक म्हातारे गृहस्थ. माझ्या जोडीचा कारागीर वर लिफ्टच्या मोटारीपाशी गेला आणि मी दाराशी बसून त्यांना धीर देत राहिलो. सुटका झाल्यावर ते म्हणाले, आणखी थोडा उशीर केला असतात तरी चाललं असतं, महिनाभरात माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. मी हसलो खरा, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

आता तुझ्या इकडे येण्याच्या अर्जाचं घोडं कुठे अडलंय ते ऐक. वकीलबाई म्हणतात, लग्नाचा दाखला पुरेसा नाही, गेली चार वर्षं हा संसार खरोखर चालू आहे याचा पुरावा हवा. लग्नानंतरचे आपले दोघांचे फोटो शोधले तर सात निघाले, त्यातल्या दोनांत तुझे डोळे मिटलेले. मग आपण एकमेकांना केलेल्या फोनची यादी छापून घेतली. चांगली छत्तीस पानं भरली म्हणून छाती फुगवून निघालो आणि बाईंच्या दाराबाहेर रांगेत बसून ती चाळली. पहिल्या वर्षी पाऊण-पाऊण तास. पुढच्या वर्षी वीस मिनिटं. आता रोज चार मिनिटं, तीही जेवलास का, जेवलीस का यातच सरतात. तपासणाऱ्या साहेबाच्या जागी मी असतो तर मलाही शंका आली असती. तिथल्या कारकुनाने हळूच तोडगा सुचवला, मागच्या तारखा टाकून चार-पाच प्रेमपत्रं लिहून आणा म्हणाला. रविवारी बसलो. दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकली आणि पुढे सरकेना. त्या दिवसांत तू काय करत होतीस, कशाने हसलीस, कुणावर चिडलीस, मला काहीच ठाऊक नव्हतं. कागद फाडून टाकला.

मग धाकटीला फोन लावला, म्हटलं वहिनीची खुशाली जरा नीट सांग. ती म्हणाली, "दादा, वहिनी मुख्याध्यापिका झाली, तीन महिने झाले. तुला बोलली नाही?" मी म्हटलं, बोलली की, माझ्याच डोक्यातून गेलं. खोटं बोललो. खरं सांगतो, राग आला, भांडी आदळली. चार मिनिटांत एवढं एक वाक्य मावलं नाही? नंतर भांडी घासताना उलगडलं. नवरा आपल्यासाठी तिकडे झिजतोय, त्याला आपल्या खुर्चीचं कौतुक कुठल्या तोंडाने सांगायचं, असंच वाटलं असणार तुला. आणि मी तरी तुला यायचंय का, हे कधी विचारलं? फॉर्म पाठवत गेलो, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारत गेलो. शाळेतल्या पोरांना वाचल्याशिवाय सही करू न देणारी तू, न वाचता सह्या करून धाडत गेलीस.

हे पत्र फाइलमध्ये लावायला लिहिलेलं नाही, वकीलबाईंना दाखवणारही नाही. सोबत शेवटचा फॉर्म आहे, नवऱ्याकडे कायमचं राहायला येण्याचा. चष्मा लावून सगळा वाच. तू यावंस असं मला फार वाटतं, इथे मी अगदी एकटा पडलोय, हे लपवत नाही. पण शाळा सोडवत नसेल तर कोरा परत पाठव. लिफ्ट काय, तिथेही बिघडतात. मुख्याध्यापिका झालीस याचा मला आनंद झालाय, हे आधी लिहायला हवं होतं. या वेळी सहीच्या जागी फुली मारलेली नाही.

तुझाच,
लिफ्टवाला