दिनदर्शिका डाउवेला द्यावी

मी, डॉ. रिन्स्के हॉफस्ट्रा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लायडन, रक्ताच्या कर्करोगाची निवृत्त संशोधक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि दुसरी कॉफी पिऊन झाल्यावर लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, याची माजी सहकारी प्रा. मेनो यांनी विशेष नोंद घ्यावी. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले मांजरही आता हयात नाही.

१. कालव्याकाठचे माझे घर रुग्णालयाच्या संस्थेकडे जावे. मूळपेशींचे रोपण झालेल्या रुग्णाला कित्येक आठवडे काचेआड ठेवतात आणि घरचे लोक बाहेरच्या बाकावर मान अवघडून झोपतात. त्यांनी इथे झोपावे. माझी बचत डागडुजीला वापरावी. जिना फार खडा आहे, कोणाच्याही सासूबाईंना वर पाठवू नये.

२. प्रयोगशाळेतली माझी जुनी सहकारी इल्से हिला काही ठेवत नाही, कारण ती साक्षीदार आहे. शिवाय सायकल तिने आधीच नेली आहे. सायकलचे कुलूप मात्र मेनोला द्यावे. न विचारता माझी कल्पना उचलून तीस वर्षे भाषणे ठोकणाऱ्या माणसाच्या घरी निदान एक कुलूप असावे.

३. डच घरांत असते तशी शौचालयाच्या दारामागे टांगलेली वाढदिवसांची दिनदर्शिका माझा भाऊ डाउवे, चीज बनवणारा, मुक्काम फ्रीसलँड, याला द्यावी. तीत त्रेसष्ट नावे आहेत, सगळी माझ्या रुग्णांची. तारीख जन्माची नाही, रोपणाची आहे. ती मंडळी त्याच दिवशी केक कापतात. डाउवेने त्या त्या दिवशी फोन करून त्यांचे आणि, वाढदिवसाच्या आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, "अमक्याबद्दल अभिनंदन" म्हणत त्यांच्या घरच्यांचेही अभिनंदन करावे.

४. डाउवेलाच का, ते लिहिणे भाग आहे. चौदा मार्चच्या चौकटीत, त्या त्रेसष्टांखेरीज, आमच्या धाकट्या बहिणीचे, लीसबेटचे नाव आहे. १९८५ साली तिला डाउवेची अस्थिमज्जा दिली. दात्याच्या काही पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगावर उलटतात, म्हणून त्या काढून टाकण्याची पद्धत मी बसवली होती आणि त्या दिवशी माझ्याच हातांनी मज्जा धुतली. इतकी स्वच्छ मी तोवर कधी धुतली नव्हती. मला फार अभिमान वाटला. पाच महिन्यांत कर्करोग परतला आणि लीसबेट गेली.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला डाउवे माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "रिन्स्के, खरं सांग. माझाच माल हलका निघाला ना?"

माझ्या तोंडात केक होता. तो गिळल्यावरही मी बोलले नाही.

पुढे आम्हाला कळले, की ज्या पेशी मी धुऊन काढत होते, त्याच कर्करोगाशी झुंजतात. त्या थोड्या राहू दिल्या, नंतर हळूहळू परत दिल्या, तेव्हा ही त्रेसष्ट माणसे जगली. डाउवेने मात्र त्यानंतर कधी रक्तसुद्धा दिले नाही. कोणी विचारले की म्हणतो, "आमचा माल नको रे बाबा, परत येतो." सगळे हसतात. मीही हसले आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

डाउवे, तुझ्या मज्जेत काही कमी नव्हते. चूक माझी होती.

पुरवणी. सही करायला आलेल्या इल्सेने कलम चार वाचून पेन खाली ठेवले.

"रिन्स्केबाई, हे त्यांना तुम्ही गेल्यावर कळायचं? तुमची तब्येत बघता बिचाऱ्यांना अजून वीस वर्षं थांबावं लागेल!"

"मग काय करू म्हणतेस?"

"आज तारीख काय आहे?"

सबब कलम चार माझ्या हयातीतच, आजपासून अमलात येईल. दिनदर्शिका मरेपर्यंत मला लागते, ती राहू द्यावी. सव्वाअकराच्या गाडीने सफरचंदाचा केक घेऊन मी डाउवेकडे निघाले आहे. त्याने दार उघडले की आधी म्हणेन, "डाउवे, लीसबेटबद्दल अभिनंदन." मग बाकीचे. त्याने दार लावून घेतले, तर पायरीवर बसून राहीन. या वेळी तोंडात केक असणार नाही.

सही: रिन्स्के हॉफस्ट्रा

साक्षीदार:
इल्से फेरमास, प्रयोगशाळा साहाय्यक (निवृत्त)
कोर्नेलिस डी ब्रॉय, नळदुरुस्ती. दिनदर्शिकेत नऊ जून

लायडन, १४ मार्च २०२४