साहेबांच्या अंघोळीचं तपेलं

१० जाने.
गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडांवर. शेजारच्या नलूताईंनी ओढत नेलं. पूर्वी म्हणे गोरे साहेब हवापालटाला यायचे इथे. आता कुंडात शेवाळ, नि बायकांच्या खोलीला कडी नाही.
मग ‘स्थानिक इतिहास संग्रहालय’. इतिहास कसला, माळ्यावरची अडगळ! मोडका कंदील, गंजकी तलवार, पुतळीला कशीबशी गुंडाळलेली नऊवारी. काचेत पितळेचं मोठं तपेलं. खाली पाटी: ‘साहेबांच्या स्नानाचे पाणी नेण्याचे भांडे’. त्याच्या पोटावरचा पोचा ओळखीचा वाटला. मागून वाकून बघितलं. काठाखाली नाव घातलेलं, सुलोचना.
आमची आई.
घोडपदेवच्या खोलीत ह्याच तपेल्यात खानावळीची आमटी व्हायची. गिरणीतली माणसं पंगतीने जेवून जायची. चाळ पाडायला घेतली तेव्हा दादा घेऊन गेला. “माझ्याकडे नीट राहील गो आई.” देणगीदारांच्या फलकावर दादाचं नाव, हे एवढं मोठं. लाज नाही वाटली मेल्याला.

११ जाने.
दादाला फोन. “तिथे मान आहे त्याला. तू तुळस लावली असतीस त्यात.” परत माग म्हटलं, तर “माझी इज्जत काय राहील?” इज्जत! आईच्या भांड्यावर कमावलेली.
संग्रहालयवाला म्हणाला, दात्याने मागितलं तर बघू. पाटी बदलायला समितीची मीटिंग लागते. साहेबांना अंघोळ घालताना नव्हती लागली.

१३ जाने.
सण आला की आईचं तेच. “माझा तपेला खंय?” शेवटी सांगून टाकलं. रडेल वाटलं होतं.
“त्यात काय शिजवतत?”
काही नाही म्हटलं.
“मगे ठेवल्यानी कित्याक?”
दादाबद्दल चकार शब्द नाही. त्याचाच मला जास्त संताप. मुलगा ना शेवटी.

१६ जाने.
आई रविवारी कुंडांवर येणार. ऐकतच नाही. मला दादाला फोन लावायला सांगितला, बोलली मात्र स्वतः. “तू थंय ये. मागा नको काय. नुसतो माझ्या बाजूक उभो रव.”
दादा ‘बघतो’ म्हणाला. आयुष्यभर बघतोच आहे हा माणूस.
पिशवी भरली तिने. गोळ्या, शाल, नि कागदात चिंचेचा गोळा. चिंच कशाला, विचारलं.
“काळा पडला आसतला.”